राखेचं श्रेय

डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. जितके गुण जास्त तितकी नाचक्की जास्त. डोंबिवलीला ७८.४१ मिळाले, औरंगाबादला ७७.४४, नवी मुंबईला ७३.७७ आणि तारापूरला ७२.०१. सत्तरीच्या वर गेलेली ४३ ठिकाणं 'अतिप्रदूषित' ठरली आणि तिथल्या नव्या कारखान्यांवर, जुन्यांच्या विस्तारावर काही काळ बंदी आली. डोंबिवलीकरांना या निकालाचं फारसं नवल वाटलं नाही. एमआयडीसीच्या वासानं ज्यांची रात्री झोपमोड होते, त्यांना दशांश चिन्ह लागत नाही.

खरं तर नवल वाटायला हवं होतं ते त्या दशांश चिन्हाचंच. डोंबिवली औरंगाबादपेक्षा ०.९७ गुणांनी वाईट, म्हणजे काय? हेच नाले, हीच हवा पुढच्या पंधरवड्यात मोजली असती, वारा खाडीकडून आला असता, किंवा नमुना घ्यायच्या आदल्या रात्री एक सर पडून गेली असती, तर डोंबिवलीचाच आकडा किती हलला असता? तो चार-पाच गुणांनी खालीवर होत असेल, तर औरंगाबादशी तुलना करणं व्यर्थ आहे. तारापूरही सत्तरीच्या रेघेच्या वर नक्की आहे की केवळ त्या दिवशी होतं, हे सांगता येत नाही. आणि तो पाव गुणानं हलत असेल, तर ०.९७ हा मोठा फरक आहे. एकाच ठिकाणच्या चढउताराचा अंदाज दिल्याशिवाय दोन ठिकाणांमधल्या फरकाला वजन नसतं. यादीत प्रत्येक गावापुढे एकच आकडा होता. बातम्याही त्या एकेका आकड्याच्याच झाल्या.

दोन गटांमधला फरक मोठा की किरकोळ, हे त्या फरकाकडे कितीही टक लावून बघितलं तरी कळत नाही. त्यासाठी गटाच्या आत डोकवावं लागतं. संशोधनात ज्याला 'अ‍ॅनोव्हा' म्हणतात त्या पद्धतीचा हा गाभा. एकूण चढउताराचे भाग पाडायचे: गटागटांतल्या फरकामुळे आलेला एक, आणि गटाच्या आत, सगळं सारखं असूनही उरलेला दुसरा. मग पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. येणाऱ्या गुणोत्तराला अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज स्नेडेकर यांनी १९३४ मध्ये रोनाल्ड फिशर यांच्या आडनावाचं पहिलं अक्षर दिलं, आणि तेव्हापासून जगभरचे पीएचडीचे विद्यार्थी 'एफ' किती आला या काळजीत असतात.

पण भाग पाडणं म्हणजे वाटणी, आणि वाटणी आली की श्रेय आलं. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत श्रेयाचं राजकारण कुणाला नवं नाही. पूल उघडला, पाणी आलं, साथ ओसरली की दुसऱ्या दिवशी चौकात तीन पक्षांचे तीन फ्लेक्स लागतात. फ्लेक्सवरचा दावा हास्यास्पद असतो हे सगळ्यांना माहीत असतं. अडचण ही की त्याच प्रकारचा दावा सरकारी अहवालात, आरोग्य योजनेच्या मूल्यमापनात, शेतीच्या शिफारशीत सभ्य भाषेत केला की तो कुणाला खटकत नाही. अमुक केलं, तमुक सुधारलं, म्हणून अमुकमुळे तमुक. श्रेय मोजता येतं, पण त्याची मांडणी काम सुरू होण्याआधी करावी लागते. आणि काही श्रेय असं असतं की मोजल्यावरही वाटता येत नाही. या दोन गोष्टी ज्या प्रश्नात एकत्र सापडतात, तो प्रश्न ठाणे जिल्ह्यातच, जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता.

ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत भात लावायचा म्हणजे आधी राब भाजायचा. रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचा कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यावर मातीचा पातळ थर. पावसाळ्याआधी ते पेटवायचं. वरच्या मातीमुळे भडका न उडता ते धुमसत जळतं आणि खालची जमीन चांगली तापते. पहिल्या पावसाला त्या राखेत भात पेरायचा आणि रोप हाताला आलं की उपटून खाचरात लावायचं. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात या भाजणीची नोंद आहे. शहापूर-मुरबाडकडे उन्हाळ्यात गेलं तर काळे पडलेले चौकोन आजही दिसतात.

इंग्रजांच्या वनखात्याला हे खपत नव्हतं. कवळासाठी झाडं बोडकी केली जातात, जंगल उजाड होतं, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं. जंगलं राखीव होत गेली, फांद्या तोडायला आडकाठी आली, आणि रयतेची ओरड इतकी वाढली की ठाणे-कुलाब्यातल्या जंगलांच्या कारभाराची चौकशी करायला १८८५ मध्ये 'बॉम्बे फॉरेस्ट कमिशन' नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. या सगळ्या भांडणाच्या मुळाशी एकच प्रश्न होता: राब लागतोच कशाला? नुसतं शेणखत घातलं तर काय बिघडतं? शेतकऱ्याचं उत्तर होतं की भाजल्याशिवाय रोप धरत नाही. खात्याच्या कानांना ते उत्तर हट्टासारखं ऐकू येई.

मग प्रयोग झाले. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यानं राबाचे वाफे करून पाहिले. भारतीय शेतीची पाहणी करायला आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात राबाची दखल घेतली. १९१२ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासोबत पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर एक स्वतंत्र शास्त्रीय पुस्तिकाच प्रसिद्ध केली. वनखात्याची फाइल आता प्रयोगशाळेत आली होती.

राबाची गुंतागुंत अशी की एका काडीत पाच-सहा गोष्टी एकदम घडतात. राखेतून पालाश मिळतं. उष्णतेनं तणाचं बी मरतं. माती भुसभुशीत होते. जमिनीतल्या सूक्ष्मजीवांची उलथापालथ होते आणि रोपाला लागणारं नत्र मोकळं होतं. याच सुमारास, १९०९ मध्ये, इंग्लंडात जॉन रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवलं होतं की माती नुसती तापवली तरी पिकाला मिळणारं अन्न वाढतं. म्हणजे राखेला आता उष्णता हा जबरदस्त प्रतिस्पर्धी मिळाला. श्रेय कुणाला? राख म्हणावी तर तापलेली जमीन पुढे येते, आणि तापलेली जमीन म्हणावी तर राख कुठे गेली?

हे रसेल १९१२ मध्ये लंडनजवळच्या रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्राचे संचालक झाले. १८४३ पासूनच्या पिकांच्या नोंदी तिथे साचून पडल्या होत्या. त्यांचा अर्थ लावायला रसेलनी १९१९ मध्ये एका तरुण गणितज्ञाला बोलावलं, तो फिशर. आणखी एक योगायोग या कथेत आहे. व्होल्कर मायदेशी वोबर्न इथलं प्रयोगक्षेत्र चालवत असत. ते १९२६ मध्ये रोथॅमस्टेडच्या ताब्यात गेलं, आणि १९२८ मध्ये तिथे कामाला लागले ते पुण्याहून निवृत्त झालेले हॅरल्ड मॅन. ठाण्या-कुलाब्याच्या राबाबद्दल लिहिणारे दोघेही अखेर त्याच वावरात पोचले, जिथे फिशर यांच्या नव्या मांडणीनं वाफे आखले जाऊ लागले होते. राबाचे प्रयोग वीस वर्षं उशिरा झाले असते तर ते कसे आखले गेले असते, असा विचार या दोघांच्या मनात कधी आला असेल का, हे कुतूहल वाटत राहतं.

तो प्रयोग आज कागदावर आखून पाहू. पुढचे आकडे कल्पित आहेत, पण हिशेब खरा आहे. दोन घटक घेऊ: उष्णता आणि राख. उष्णता आहे किंवा नाही, राख आहे किंवा नाही, म्हणजे चार प्रकारचे वाफे. काहीच नाही, नुसती राख, म्हणजे दुसरीकडे जाळून आणून टाकलेली, नुसती उष्णता, म्हणजे जाळून राख झाडून काढलेली, आणि दोन्ही, म्हणजे खरा राब. प्रत्येक प्रकाराचे चार, एकूण सोळा वाफे. कुठला वाफा कुठे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, कारण उताराच्या खालच्या अंगाला ओल जास्त राहते आणि प्रयोग करणाऱ्याचा हात नकळत आपल्या लाडक्या वाफ्याला तीच जागा देतो. महिन्यानं रोपांची सरासरी उंची मोजली. काहीच नाही तिथे १२ सेंटिमीटर, राखेला १४, उष्णतेला १६, दोन्हीला २४.

आता श्रेय वाटा. नुसत्या राखेनं दोन वाढवले, नुसत्या उष्णतेनं चार. बेरीज सहा. पण दोन्ही एकत्र आल्यावर वाढ बारा आहे. वरचे सहा कुणाचे? राखेचे नाहीत, उष्णतेचेही नाहीत. राख तापलेल्या जमिनीत पडली म्हणून ते आले. शास्त्राच्या भाषेत हे 'इंटरॅक्शन', जोडीचा परिणाम. टाळी वाजल्यावर आवाजात उजव्या हाताचा वाटा किती टक्के, असं विचारण्यासारखंच ते.

अ‍ॅनोव्हा याचा चोख जमाखर्च मांडतो. या चार सरासऱ्यांमधल्या चढउताराची एकूण रक्कम, वर्गांच्या बेरजेत, ३३२ येते. त्यातले १९६ उष्णतेच्या नावावर, १०० राखेच्या, आणि ३६ जोडीच्या. १९६ अधिक १०० अधिक ३६ बरोबर ३३२. एक पैसाही इकडेतिकडे नाही. ही जुळणी आपोआप होत नाही. प्रत्येक प्रकाराला सारखेच वाफे दिले, सगळ्या जोड्या पूर्ण केल्या, म्हणून ती होते. एका प्रकाराचे दोन वाफे गुरांनी खाल्ले की खाती एकमेकांत शिरतात आणि मग कुठला खर्च कुठल्या खात्यात टाकायचा यावर वाद सुरू होतो.

पण ३३२ ही रक्कम मोठी की छोटी? त्याचं उत्तर पुन्हा गटाच्या आत. एकाच प्रकारच्या चार वाफ्यांमध्ये फारसा फरक नसेल, समजा त्यांचा सरासरी चढउतार तीनच असेल, तर उष्णतेचा एफ ६५ च्या घरात जातो, राखेचा ३३, जोडीचा १२, आणि तिन्ही दावे टिकतात. तोच आतला चढउतार तीस असेल, तर उष्णता ६.५ वर कशीबशी तरते, कारण इथे कसोटीची रेघ ४.७५ ला आहे, राख ३.३ वर अडकते आणि जोडी १.२ वर बुडते. सरासऱ्या त्याच, निष्कर्ष वेगळे. एकेक वाफा घेऊन तुलना करणाऱ्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

शाळेच्या विज्ञानात मात्र उलटा नियम शिकवला जातो: बाकी सगळं सारखं ठेवा, एक गोष्ट बदला. हा नियम प्रामाणिक आहे, आणि राबासमोर निरुपयोगी. एकावेळी एकच बदलणारा माणूस राखेचे दोन आणि उष्णतेचे चार शोधून काढेल, सहाचा अहवाल देईल, आणि बारा वाढवणाऱ्या शेतकऱ्याला अंधश्रद्ध ठरवेल. १९२६ च्या एका लेखात फिशर यांनी नेमका हाच समज खोडून काढला. निसर्गाला एकेक प्रश्न सुटा विचारला तर तो बरेचदा उत्तरच देत नाही, सगळे एकत्र विचारा, असा त्यांचा रोख होता. वर हे स्वस्तही पडतं. सोळा वाफ्यांतले आठ उष्णतेचे आणि आठ विनाउष्णतेचे. तेच सोळा पुन्हा आठ राखेचे, आठ बिनराखेचे. प्रत्येक वाफा दोन्ही प्रश्नांना कामाला येतो. फिशर यांचे सहकारी फ्रँक येट्स यांनी १९३७ मध्ये या फॅक्टोरियल मांडणीचं शास्त्र एका पुस्तिकेत बांधून दिलं. तरी ही पद्धत पहिल्याच दिवशी नीट उतरली असं नाही. फिशर यांचा सगळ्यात पहिला अ‍ॅनोव्हा, १९२३ चा, बटाट्याच्या बारा वाणांवर आणि खतांवर होता. त्याची मांडणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती आणि विश्लेषणातल्या चुका दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात दुरुस्त केल्या.

हे सगळं परदेशी वाटत असेल तर महाराष्ट्रातल्या शेतकी कॉलेजच्या वसतिगृहात एक चक्कर मारावी. तिथे 'एफआरबीडी', 'स्प्लिट प्लॉट', 'सीडी' हे शब्द जेवणाच्या रांगेत ऐकू येतात. तिथल्या अनेक पिढ्यांचं पाठ्यपुस्तक १९५४ चं, लेखक वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे, दोघेही मराठी. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुधचे. वाफे आखायला ज्या लॅटिन चौरसांचाही आधार घेतात, त्यांच्या जोड्यांबद्दल गणिती ऑयलरनं १७८२ मध्ये केलेलं अनुमान १९५९ मध्ये मोडीत काढणाऱ्या तिघांत शरदचंद्र श्रीखंडे होते. नागपुरात शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झालेले श्रीखंडे २०२० मध्ये वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी गेले. ती बातमी बहुतेक घरांत टाळेबंदीच्या गदारोळात हरवली.

साधन घरचं, माणसं घरची. तरी वापर? इथे कोकणातल्याच एका यशाकडे जरा तिरक्या नजरेनं बघायला हवं. भाताची चारसूत्री पद्धत ठाणे, पालघर, रायगडातल्या कृषी सहायकांना तोंडपाठ असते. डॉ. एन. के. सावंत यांनी ती बसवली. पहिलं सूत्र, भाताच्याच अवशेषांचा फेरवापर, म्हणजे तुसाची काळी राख रोपवाटिकेत आणि पेंढा शेतात. दुसरं, गिरिपुष्पाचा पाला चिखलात. तिसरं, नियंत्रित लावणी: खुणा केलेल्या दोरीवर २५ आणि १५ सेंटिमीटर आलटून पालटून अंतर ठेवायचं. चौथं, युरिया-डीएपीची ब्रिकेट, म्हणजे खताची गोळी, चार चुडांच्या मधोमध हातानं खोचायची. फोकून दिलेल्या युरियासारखं तिचं खत पाण्याबरोबर वाहून जात नाही.

पद्धत चांगली आहे. तुसाच्या राखेतला सिलिका भाताला कणखर करतो, गोळीतलं नत्र मुळांजवळ सावकाश सुटतं. यामागे पक्का विचार आहे. प्रश्न यशाचा नाही, यशाच्या वाटणीचा आहे. चार सूत्रं, प्रत्येक 'केलं' किंवा 'नाही केलं', म्हणजे सोळा जोड्या. शिवारफेरीत, प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर, पाहुण्यांना दाखवतात त्या दोनच: चारही सूत्रं पाळलेलं शेत आणि शेजारचं नेहमीचं शेत. मधल्या चौदा जोड्यांना कुणी विचारत नाही. आणि मुरबाडचा शेतकरी नेमका त्या चौदांतच राहतो. त्याच्याकडे पाला आहे पण ब्रिकेट वेळेवर मिळत नाही. किंवा ब्रिकेट आहे, पण दोरीवर लावणी करायला मजूर तयार नाहीत, कारण दोरीवर हात हळू चालतो आणि उक्त्यावर घेतलेलं काम लांबतं.

इथे जोडीचा परिणाम डोळ्यांनी दिसतो. गोळी चार चुडांच्या मध्ये खोचायची, पण चार चुडांना 'मध्य' मिळतो तो नियंत्रित लावणीमुळेच. मनमानी अंतरावर लावलेल्या खाचरात गोळीला जागाच सापडत नाही. तिसऱ्या सूत्राशिवाय चौथं जवळजवळ लंगडं आहे. पहिलं सूत्र मात्र रोपवाटिकेतलं, ते बाकीच्यांशिवायही चालावं. म्हणजे चारांपैकी दोन सोडावी लागली तर कुठली दोन, याचं उत्तर सगळ्या जोड्यांना सारखं नाही. ज्याच्याकडे ब्रिकेट नाही त्याला दोरी धरायला लावणं कदाचित मजुरीचा निव्वळ तोटा असेल, आणि ज्याच्याकडे आहे त्यानं दोरी सोडणं मूर्खपणाचं. पाच शेतकऱ्यांत चौघांनी 'अर्धवट' अवलंब केला असं नोंदवताना त्या अर्धवटपणात कुठलं अर्ध निवडलं, हा रकाना फॉर्मवर नसतो.

सोळा जोड्या आणि तीन आवृत्त्या म्हणजे अठ्ठेचाळीस प्लॉट, एवढं कोण करणार, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावरही उत्तर आहे, आणि जुनं आहे. १९४५ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिनी यांनी दाखवलं की सोळांपैकी नेमक्या निवडलेल्या आठ जोड्यांतूनही मुख्य परिणाम काढता येतात, काही दुय्यम माहितीचा त्याग करून. १९४७ मध्ये सी. आर. राव यांनी अशा निवडीचं व्यापक गणित दिलं. जपानी कारखान्यांत तागुची यांच्या नावानं गाजलेल्या पद्धती त्याच घराण्यातल्या. तागुची १९५० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले होते. ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा अंबरनाथला काम केलेल्या प्रॉडक्शन इंजिनिअरला 'तागुची' शब्द ट्रेनिंगमध्ये भेटलेला असतो. तापमान, दाब, उत्प्रेरक, वेळ यांच्या आठ बॅच काढायला कारखान्याला परवडतात, कारण तिथे नासलेल्या मालाचा खर्च वहीत दिसतो. खाचरात नासलेली लावणी कुणाच्याच वहीत चढत नाही.

हीच गोष्ट शेतीबाहेर घ्या. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. ३९ गावांत काळजी, ४७ गावांत तुलना. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली आलेल्या निकालानुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. महाराष्ट्रातल्या आरोग्य संशोधनातलं हे मानाचं पान आहे, आणि त्या गावांसाठी सगळं एकत्र देणंच योग्य होतं. मरणाऱ्या बाळांवर सोळा जोड्यांचा प्रयोग कुणी सुचवू नये. पण गठ्ठा यशस्वी झाला की तो दिल्लीला जातो, आणि तिथे त्याची छाटणी होते. घरभेटी आल्या, आशाताई आल्या. गावातल्याच प्रशिक्षित बाईनं जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन द्यायचं, हा भाग राष्ट्रीय कार्यक्रमात तसाच आला नाही. उरलेल्या गठ्ठ्याचा परिणाम किती उरेल, हे मूळ प्रयोग सांगू शकत नाही, कारण तो प्रश्न त्याला विचारलाच नव्हता. २००५ मध्ये बंग यांनी स्वतः घटकवार वाटणीचा अंदाज मांडला. मांडणीतून नव्हे, मागाहून. छाटणी करणाऱ्यांनी दुसरा प्रयोग करायचा असतो. ते तो करत नाहीत, आणि पहिल्या प्रयोगाचं श्रेय मात्र खिशात टाकतात.

वाटणीचा आणखी एक पेच पुण्यात रंगला होता. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी २२५० कॅलरींची रेघ धरून देशातली गरिबी मोजली. सुखात्मे यांनी, तेच पाठ्यपुस्तकवाले, यावर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की एकाच निरोगी माणसाची गरज आणि खाणं दिवसादिवसाला, आठवड्याआठवड्याला बदलतं. हा माणसाच्या आतला चढउतार आहे. सरासरीच्या खाली दिसलेला प्रत्येक जण उपाशी नसतो. म्हणून रेघ सरासरीवरून बरीच खाली ओढायला हवी. ओढली की उपाशी लोकांची संख्या घटते. दांडेकर यांनी १९८१ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत त्याला कडाडून उत्तर दिलं: गरीब माणूस कमी खातो ते शरीर जुळवून घेतं म्हणून नव्हे, खिशात पैसे नाहीत म्हणून. गणित दोघांनाही येत होतं. भांडण होतं ते 'आतला चढउतार' कशाला म्हणायचं यावर. अ‍ॅनोव्हाच्या तक्त्यात शेवटची ओळ उरलेल्या फरकाची असते आणि तिच्याकडे सगळे कचराकुंडी म्हणून बघतात. पण तिथे काय टाकायचं हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. सुखात्मे यांनी भुकेचा काही भाग त्या ओळीत नेला. दांडेकर यांनी तो ओढून वर आणला. या वादात दांडेकरांची बाजू जास्त वजनदार वाटते, आणि तरी सुखात्मे यांचा मूळ प्रश्न, एकाच माणसात किती फरक असतो ते आधी मोजा, चुकीचा ठरत नाही.

कचराकुंडीचा दुसरा गैरवापर शांतपणे, दरवर्षी, शेकडो प्रबंधांत होतो. नाल्याच्या एकाच काठावरून दहा बाटल्या भरायच्या आणि दहा नमुने म्हणायचे. त्या दहा बाटल्यांतला फरक बाटल्यांचा असतो, नाल्याचा नव्हे. तो इतका कमी येतो की कुठलाही दावा 'सिग्निफिकंट' ठरतो आणि आकड्याशेजारी तारे उगवतात. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या प्रकारावर दीर्घ लेख लिहून त्याला 'खोटी आवृत्ती' अशा अर्थाचं नाव दिलं. चाळीस वर्षं झाली. तारे कमी झालेले नाहीत. ठाण्याची खाडीच घ्या. ती २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली, फ्लेमिंगोंच्या फोटोंना तोटा नाही. खाडीच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, भरती-ओहोटीला, पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, अशी जागा आणि ऋतूंची पूर्ण जोडणी असलेली, वर्षानुवर्षं न चुकता घेतलेली मापं फोटोंपेक्षा कंटाळवाणी असतात आणि त्यांना निधी मिळवणं अवघड जातं.

तरीही या पद्धतीचं सोवळं फार पाळू नये. खुद्द फिशर आयुष्याच्या शेवटी, १९५७-५८ च्या सुमारास, धूम्रपानानं फुप्फुसाचा कर्करोग होतो हे मानायला तयार नव्हते. चिठ्ठ्या टाकून कुणाला सिगारेट ओढायला लावलेलं नाही, हा त्यांचा तर्क. ते तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते, हेही इथे सांगायला हवं. जिथे चिठ्ठ्या टाकणं अनैतिक किंवा अशक्य असतं, तिथे इतर पुरावा गोळा करून निर्णय घ्यावाच लागतो. डोंबिवलीच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्यांना खोकला कशानं होतो, याचा फॅक्टोरियल प्रयोग होईपर्यंत थांबा असं सांगणारा माणूस संख्याशास्त्राच्या आडून दुसरंच काही बोलत असतो.

मात्र जिथे चिठ्ठ्या सहज टाकता येतात, तिथे न टाकणं हा नुसता आळस आहे. कल्याण-डोंबिवलीचे खड्डे घ्या. ते दरवर्षी भरले जातातच. पैसे खर्च होतातच. फक्त काय टिकतं ते कळत नाही. खडी-डांबर, पेव्हर ब्लॉक, थंड मिश्रण यांवर नगरसेवक, ठेकेदार आणि रिक्षावाले यांची तीन वेगळी मतं असतात, आणि तिघांच्याही मतात एक गोष्ट गाळलेली असते: पाणी. रस्त्याकडेचं गटार मोकळं असेल तर कदाचित तिन्ही टिकतील, तुंबलेलं असेल तर एकही टिकणार नाही, किंवा त्यांचा क्रमच उलटेल. जोडीचा परिणाम असा संशय घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही. तीन सामग्री, गटार आधी साफ केलेलं किंवा न केलेलं, अशा सहा जोड्या. प्रत्येकीचे पाच तुकडे, म्हणजे तीस. पूर्व आणि पश्चिम वेगळे गट धरायचे, कारण रेल्वेच्या दोन बाजूंची वाहतूक सारखी नाही. कुठल्या तुकड्याला काय, ते वॉर्ड ऑफिसात सगळ्यांसमोर चिठ्ठी काढून ठरवायचं; यात ठेकेदाराला आपला तुकडा निवडता येत नाही, हा आणखी एक फायदा. मग १५ जुलैला आणि गणपती येण्याआधी प्रत्येक तुकड्यावर किती सेंटिमीटर खचलं ते टेप लावून मोजायचं. मोजणाऱ्याला तुकड्यात काय भरलंय हे वरून दिसणारच, म्हणून मोजणी दुसऱ्या प्रभागाच्या माणसाकडे द्यायची. यातलं कुठलंही काम महापालिकेच्या आजच्या कामापेक्षा महाग नाही. जादा लागतो तो एक तक्ता, आणि तो एप्रिलमध्ये, निविदा निघायच्या आत तयार व्हायला हवा. पहिल्या जोराच्या पावसानंतर काढलेल्या चिठ्ठ्यांचा उपयोग नसतो. तोवर ज्या रस्त्यावरून जास्त आरडाओरड झाली तिथे खडी पडून गेलेली असते.